निद्रा, शीतनिद्रा आणि जाग : कार्यालयीन संगणकांच्या केंद्रीय वीजव्यवस्थापनाची प्रस्तावना

एखाद्या कार्यालयातील शेकडो किंवा हजारो संगणकांनी किती वेळ काम नसताना पडदा मिटावा, किती वेळाने निद्रिस्त व्हावे, रात्री केव्हा पूर्णपणे बंद व्हावे आणि सकाळी अथवा मध्यरात्री कोणाच्या हाकेला ओ द्यावी, हे प्रत्येक खुर्चीवरील माणसावर न सोपवता एका ठिकाणाहून ठरवणे, ठरवलेले सर्व यंत्रांपर्यंत पोहोचवणे आणि ते पाळले जाते की नाही याची नोंद ठेवणे, या सर्व व्यवहाराला संगणकांचे केंद्रीय वीजव्यवस्थापन म्हणता येईल. व्याख्या अशी मांडली की विषय किरकोळ वाटतो, कारण कार्यालयाच्या वीजबिलात वातानुकूलनाचा वाटा मोठा असतो, टेबलावरचा संगणक त्याच्यापुढे लहान दिसतो, आणि एका संगणकाची मर्यादा बदलणे हे तर दोन मिनिटांचे काम असते. तरीही गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की संगणकाला झोपवण्याचे तंत्र हाताशी आल्यानंतरही कार्यालयांतील बहुसंख्य यंत्रे दीर्घकाळ रात्रभर जागीच राहिली, आणि त्याचे कारण तंत्रापेक्षा अधिकाराच्या व विश्वासाच्या प्रश्नांत अधिक सापडते. यंत्राला झोपवण्याचा अधिकार जो स्वतःकडे घेतो त्याने ते वेळेवर उठवण्याची हमीही दिली पाहिजे. जेथे ही दुसरी बाजू कच्ची राहिली तेथे पहिलीही फार काळ टिकली नाही, हे प्रस्तुत विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

या विषयाचा आरंभ १९९२ या वर्षाशी जोडता येतो. त्या वर्षी इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट, संक्षेपाने एपीएम, हे तांत्रिक मानक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एनर्जी स्टार ही ऐच्छिक चिन्हांकन योजना सुरू केली, जिच्यात सर्वप्रथम संगणक आणि मॉनिटर यांचाच समावेश झाला. दोहोंमागील प्रेरणा मात्र वेगळ्या होत्या. एपीएमचा मुख्य रोख मांडीवरच्या संगणकाची बॅटरी अधिक वेळ टिकावी याकडे होता, तर एनर्जी स्टारची नजर वीजनिर्मिती केंद्रांच्या धुराड्यांकडे होती. काम नसताना संगणकाने आपला वीजवापर ३० वॉटच्या आत आणावा ही एनर्जी स्टारची सुरुवातीची अट आज अगदीच सैल वाटेल; परंतु एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अमेरिकी केंद्र सरकारच्या खात्यांना हे चिन्ह असलेलेच संगणक विकत घेण्याचा आदेश काढला, आणि एवढ्या मोठ्या ग्राहकाने अट घातल्यावर उत्पादकांनाही ती मनावर घेणे भाग पडले.

एपीएमच्या रचनेत झोपवण्याचा निर्णय बराचसा बायॉसकडे होता. बायॉस म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला, यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम. वापरणारा काय करतो आहे, कोणती फाइल उघडी आहे, छपाई अर्ध्यात आहे का, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. हार्डवेअरची हालचाल थांबली एवढेच त्याला कळते, आणि त्या तुटपुंज्या ज्ञानावर तो भलत्या वेळी यंत्र झोपवी. शिवाय बायॉसमधील मर्यादा बदलायची तर प्रत्येक यंत्रापाशी जाऊन बसणे आले, त्यामुळे केंद्रीय व्यवस्थापनाचा विचारही त्या काळात करता येत नव्हता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे नवे मानक आणले आणि निर्णयाची जागा बदलली: ज्याच्याकडे माहिती आहे त्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे निर्णय गेला आणि बायॉसकडे फक्त अंमलबजावणी उरली. हा बदल वरवर अंतर्गत वाटतो, पण पुढील सर्व केंद्रीय व्यवस्थापन त्याच्यावरच उभे आहे, कारण ऑपरेटिंग सिस्टिमला दुरून आज्ञा देता येते.

एसीपीआयने संगणकाच्या अवस्थांना क्रमांक दिले आणि ते क्रमांक पुढे वारंवार लागणार असल्याने येथेच स्पष्ट केलेले बरे. एस-० ही जागृत अवस्था होय. एस-३ मध्ये प्रोसेसर, डिस्क व पंखे थांबतात आणि केवळ तात्पुरत्या स्मृतीला, म्हणजे रॅमला, वीज मिळत राहते, त्यामुळे उघड्या फाइली जिथल्या तिथे राहतात आणि यंत्र काही सेकंदांत उठते. यालाच सर्वसाधारणपणे स्लीप म्हणतात आणि येथे त्यासाठी निद्रा हा शब्द वापरला आहे. एस-४ मध्ये रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून रॅमचीही वीज तोडली जाते, म्हणजे बेडूक थंडीत चिखलात पुरून घेतो तशी ही हायबरनेट अथवा शीतनिद्रेची अवस्था असते. एस-५ म्हणजे व्यवहारात ज्याला संगणक बंद केला असे म्हणतात ती अवस्था. परंतु तीतही नेटवर्क कार्डाला आणि मदरबोर्डाच्या एका कोपऱ्याला क्षीण वीजप्रवाह मिळत असतो. तो प्रवाहही थांबला, म्हणजे वायर उपटली किंवा भिंतीवरचे बटण बंद केले, की येते ती जी-३ ही अवस्था. एस-५ आणि जी-३ यांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने काहीच फरक नाही. व्यवस्थापकाच्या दृष्टीने मात्र तो गाढ झोपेतील माणूस आणि घराबाहेर निघून गेलेला माणूस यांच्यातील फरक आहे.

अशा रीतीने शतक संपण्यापूर्वी झोपवण्याचे तंत्र सिद्ध झाले होते. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कार्यालये सुटल्यावर प्रत्यक्ष फिरून टेबलांवरची यंत्रे मोजली, तेव्हा निम्म्याहून अधिक डेस्कटॉप संगणक चालूच आढळले. मॉनिटर बहुतांशी झोपलेले होते. त्यांना जोडलेले संगणक मात्र जागे होते आणि कोणाचेही काम करत नव्हते. मॉनिटर झोपतो कारण त्याच्या झोपण्याने कोणाचे काही अडत नाही, माउस हलवला की तो उजळतो; संगणक झोपला तर चालू असलेली प्रत तुटेल, दुसऱ्या कोणाला हवी असलेली फाइल मिळणार नाही, उठल्यावर काहीतरी बिघडेल, अशा शंका असतात आणि एकदा तरी तसे घडलेले असते. याच काळातील एक गमतीदार गैरसमज स्क्रीनसेव्हरचा. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर एकच चित्र दीर्घकाळ राहिले तर त्याचा ठसा पडद्यावर कायमचा उमटत असे, म्हणून हलती चित्रे दाखवणारे हे प्रोग्राम आले. ते पडदा वाचवत, वीज वाचवत नसत, आणि त्यांतील देखण्या त्रिमिती नमुन्यांमुळे तर प्रोसेसरचे काम उलट वाढे. तरीही स्क्रीनसेव्हर चालू आहे म्हणजे वीज वाचते आहे, ही समजूत कार्यालयांत बराच काळ नांदली.

केंद्रीय आज्ञेचे साधन २००० च्या फेब्रुवारीत विंडोज २००० बरोबर आले. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही संस्थेतील सर्व वापरकर्ते व संगणक यांची एक नोंदवही आणि ग्रुप पॉलिसी म्हणजे त्या नोंदवहीतील एखाद्या गटाला लागू होणारी नियमावली. संगणक ठरावीक अंतराने सर्व्हरकडे जाऊन आपल्याला लागू असलेले नियम वाचतो आणि स्वतःवर लादून घेतो. पासवर्डची लांबी, पडद्यावरील चित्र, कोणता प्रोग्राम चालावा अशा अनेक गोष्टी या वाटेने ठरवता येऊ लागल्या. आश्चर्य असे की वीज त्यांत नव्हती. पुढच्या वर्षी आलेल्या आणि कार्यालयांत दशकभर ठाण मांडून बसलेल्या विंडोज एक्सपीतही ती नव्हती; उलट तेथे विजेच्या मर्यादा यंत्राच्या नावे न राहता प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे साठवल्या जात, त्यामुळे एकाने लॉग ऑफ केले की त्याने ठरवलेली मर्यादाही त्याच्याबरोबर निघून जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी एनर्जी स्टार कार्यक्रमाने ईझी जीपीओ नावाचे एक साधन फुकट उपलब्ध करून दिले आणि सिअ‍ॅटलची व्हर्डिएम, लंडनची वन-ई अशा कंपन्यांनी याच पोकळीत आपला व्यवसाय उभारला. वन-ईच्या उत्पादनाचे नाव नाइटवॉचमन, म्हणजे रात्रीचा पहारेकरी, असे होते. पहारेकऱ्याने जागे राहून इतरांना झोपवायचे, ही कल्पना त्या नावात चांगली उतरली आहे. २००७ मध्ये गूगल आणि इंटेल यांनी पुढाकार घेऊन क्लायमेट सेव्हर्स कम्प्युटिंग इनिशिएटिव्ह स्थापन केले, तेव्हा या विषयाला काही काळ वलयही लाभले.

मायक्रोसॉफ्टने ही पोकळी व्हिस्टामध्ये बुजवली. ती आवृत्ती इतर अनेक कारणांनी बदनाम झाली, परंतु वीजव्यवस्थापनाच्या इतिहासात तिचे स्थान न्याय्य रीतीने वरचे मानले पाहिजे. तिने विजेच्या मर्यादा वापरकर्त्याकडून काढून यंत्राकडे दिल्या, त्या ग्रुप पॉलिसीच्या कक्षेत आणल्या, आणि अ‍ॅप्लिकेशनांचा नकाराधिकार काढून घेतला. एक्सपीमध्ये झोपेची वेळ झाली की ऑपरेटिंग सिस्टिम चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला विचारत असे आणि एखाद्यानेही नकार दिला तर सगळे यंत्र जागे राही; व्हिस्टाने विचारण्याऐवजी कळवण्याची पद्धत आणली. तथापि काम चालू असताना यंत्र आपोआप झोपू नये असा आग्रह धरण्याची मुभा प्रोग्रामांना उरलीच, आणि ती रास्तही आहे, कारण चित्रपट पाहणारा माणूस कीबोर्डला हात लावत नाही. संगणक झोपत का नाही याचा शोध घेताना प्रशासकाला बहुधा अशाच एखाद्या आग्रही प्रोग्रामपाशी पोहोचावे लागते, आणि विंडोज ७ पासून पॉवरसीएफजी या आदेशाने कोण जागे ठेवतो आहे त्याचे नाव थेट मिळते. मोठ्या संस्थांसाठी २०१० मध्ये सिस्टिम सेंटर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये वीजव्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग आला, ज्यात वर्दळीच्या तासांसाठी एक आणि इतर तासांसाठी दुसरी योजना ठरवता येते आणि आधी केवळ मोजमाप करून मग नियम लावता येतात. पुण्याच्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईत ज्या कचेऱ्या अमेरिकी ग्राहकांसाठी रात्रपाळीत चालतात तेथे वर्दळीचे तास घड्याळाच्या उलट बाजूला येतात, आणि दिवसपाळीसाठी केलेली योजना तेथे जशीच्या तशी लावली की काय होते याची कल्पना करणे अवघड नाही.

झोपवण्याची कथा येथे संपते. उठवण्याची अधिक गुंतागुंतीची आहे. दुरून उठवण्याचे तंत्र १९९० च्या दशकाच्या मध्यास एएमडी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी मॅजिक पॅकेट या नावाने मांडले आणि पुढे ते वेक-ऑन-लॅन म्हणून रूढ झाले. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला सहा बाइटचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. मॅजिक पॅकेटमध्ये सुरुवातीला सहा बाइटचा एक ठरलेला संकेत आणि त्यानंतर हव्या त्या संगणकाचा मॅक पत्ता ओळीने सोळा वेळा लिहिलेला असतो, म्हणजे एकूण १०२ बाइट. गाढ झोपलेल्याला नाव घेऊन सोळा वेळा हाक मारण्यासारखेच हे आहे, आणि त्यामागे युक्ती अशी की झोपलेल्या कार्डाला मजकूर समजून घेण्याची गरज राहू नये, आपल्या नावाची ही विशिष्ट आवृत्ती तेवढी ओळखता यावी. तंत्र इतके साधे आहे की त्यात गुप्तता नाही आणि ओळखपाळखही नाही. ज्याला मॅक पत्ता ठाऊक तो हाक मारू शकतो.

अडचण हाकेत नसते, ती हाक पोहोचण्यात असते. निद्रिस्त संगणकाचा नेहमीचा आयपी पत्ता नेटवर्कच्या विस्मृतीत गेलेला असतो, म्हणून मॅजिक पॅकेट सर्वांना उद्देशून, म्हणजे ब्रॉडकास्ट पद्धतीने, पाठवावे लागते, आणि ब्रॉडकास्ट राउटरच्या पलीकडे जात नाही. दूरच्या विभागाला उद्देशून ब्रॉडकास्ट करण्याची सोय पूर्वी राउटरमध्ये असे. परंतु तिचा गैरफायदा घेऊन एका पॅकेटाच्या बदल्यात शेकडो उत्तरांचा मारा घडवणारे स्मर्फ नावाचे हल्ले १९९० च्या दशकाच्या अखेरीस गाजले आणि १९९९ मध्ये ही सोय मुळातच बंद ठेवावी असा इंटरनेटच्या मानकांत बदल झाला. म्हणजे सुरक्षेने जी दारे लावून घेतली ती उठवणाऱ्याला हवी होती. आजही संस्थेत वेक-ऑन-लॅन चालत नाही असे म्हटले जाते तेव्हा दोष पुष्कळदा संगणकाचा नसतो, मधल्या राउटरचा असतो, आणि राउटर सांभाळणारे लोक वेगळ्या विभागात बसलेले असतात. विंडोज ८ पासून आलेल्या जलद प्रारंभाच्या सोयीने आणखी एक घोळ केला: या पद्धतीत बंद केलेला संगणक खरे तर अर्ध्या शीतनिद्रेत जातो आणि तेथून हाकेला ओ देईलच याची खात्री उरत नाही.

भारतीय कार्यालयांत याच्याही आधीची एक अडचण आहे आणि पाश्चात्त्य ग्रंथांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही. अमेरिकेत भिंतीवरील सॉकेटला स्वतःचे बटण बहुधा नसते; आपल्याकडे ते प्रत्येक सॉकेटला असते, आणि संध्याकाळी कार्यालय बंद करताना शिपायाने ओळीने सर्व बटणे खाली पाडत जाणे ही काटकसरीची आणि आगीच्या भीतीने अंगवळणी पडलेली शिस्त आहे. भारनियमनाच्या काळात, विशेषतः २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात वीज तासन्‌तास जात असे तेव्हा, ती आल्यावर बसणाऱ्या धक्क्याने यंत्र जळू नये म्हणूनही ही सवय घट्ट झाली. विजेच्या बचतीच्या दृष्टीने शिपायाचे हे केंद्रीय व्यवस्थापन निर्दोष म्हणावे लागेल, कारण जी-३ अवस्थेत वापर शून्य असतो. परंतु त्या अवस्थेत मॅजिक पॅकेट ऐकायला कोणीच जागे नसते. त्यामुळे परदेशी मुख्यालयाने आखलेली रात्रीच्या अपडेटची योजना भारतीय शाखेत पहिल्याच आठवड्यात कोलमडते, आणि अहवालात मात्र संगणक प्रतिसाद देत नाहीत एवढेच नोंदले जाते.

उठवण्याच्या प्रश्नावर संशोधकांनी शोधलेले सर्वांत कल्पक उत्तर प्रतिनिधीचे आहे. झोपलेल्या संगणकाच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी नेटवर्कवर हजेरी द्यावी, किरकोळ प्रश्नांना परस्पर उत्तरे द्यावीत आणि खरोखर गरज पडली तरच त्याला उठवावे, अशी ही कल्पना. युवराज अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या एका रचनेत हे काम नेटवर्क कार्डावरच बसवलेला एक छोटा प्रोसेसर करी; तिचे नाव सोम्निलोक्वी, म्हणजे साध्या मराठीत झोपेत बरळणे. त्याच वर्षी अ‍ॅपलने आपल्या प्रणालीत असा निद्रा-प्रतिनिधी आणला, २०१० मध्ये एक्मा या संस्थेने त्याचे मानक प्रसिद्ध केले, आणि मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थापन साधनात एकाच विभागातील काही जागे संगणक झोपलेल्या शेजाऱ्यांच्या वतीने पहारा देतील अशी व्यवस्था झाली. कल्पना सुंदर असूनही ती सर्वत्र पसरली नाही, याचे कारण बहुधा असे की प्रतिनिधीचाही प्रतिनिधी शोधण्याची वेळ प्रशासकावर येते.

उठवण्याची एवढी निकड का, असे विचारले जाईल. तिचे मुख्य कारण पॅच, म्हणजे प्रणालीतील दोष बुजवणाऱ्या दुरुस्त्या, हे आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा वर्म आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, आणि दोन्ही वेळी आवश्यक ती दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने आधीच प्रसिद्ध केलेली होती. वॉनाक्रायच्या बाबतीत तर दोन महिने आधी. दुरुस्ती असूनही ती यंत्रापर्यंत पोहोचली नाही, हेच अपयश ठरले. दिवसा पॅच लावावा तर काम थांबते, रात्री लावावा तर यंत्र जागे हवे, या कोंडीतून आयटी विभागांनी सर्वांत सोपी वाट काढली ती म्हणजे सर्वांनी जाताना संगणक चालू ठेवावेत, फक्त लॉग ऑफ करावे, अशी सूचना. आजही अनेक कार्यालयांत ही सूचना भिंतीवर असते आणि तिच्याशेजारी, दुसऱ्या विभागाने लावलेली, वीज वाचवा ही पाटीही असते. दोन्ही पाट्या प्रामाणिक आहेत. ज्याला हवे तेव्हा उठवता येते त्यालाच निर्धास्तपणे झोपू देता येते, आणि ही खात्री नसलेल्या प्रशासकाने जागरण पसंत केले तर त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे होईल.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे: यंत्र रिकामे आहे हे ठरवायचे कसे? ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी रिकामेपणा म्हणजे ठरावीक काळ कीबोर्ड व माउस यांना स्पर्श न होणे आणि प्रोसेसरवर लक्षणीय काम नसणे. पण ऐंशी पानांचा करारनामा वाचणारा वकील, फोनवर ग्राहकाशी बोलणारा कर्मचारी, रात्रभर चालणारे गणित लावून घरी गेलेला अभियंता, यांपैकी कोणीही माउस हलवत नाही आणि कोणीही रिकामा नाही. म्हणून दहा मिनिटांची मर्यादा एका विभागात योग्य आणि दुसऱ्यात जाचक ठरते, आणि जाच झाला की माणसे वाटा शोधतात. माउस आपोआप हलवत राहणारी छोटी उपकरणे आज बाजारात सहज मिळतात. त्यांचा प्रसार मात्र झोपेच्या कंटाळ्याने तितका झाला नाही, जितका हजेरीच्या भीतीने झाला: कार्यालयीन गप्पांच्या प्रोग्रामांत नावापुढचा हिरवा ठिपका याच रिकामेपणाच्या मोजणीवर चालतो, आणि घरून काम करण्याच्या काळात तो ठिपका हजेरीपुस्तक बनला. २०२४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्यावरून काही कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याची बातमी आली होती. वीज वाचवण्यासाठी शोधलेले एक माप माणसांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले, आणि परिणामी ते वीज वाचवण्याच्याही कामाचे उरले नाही, कारण जो माउस सतत हलतो त्याचा संगणक कधीच झोपत नाही. केंद्रीय वीजव्यवस्थापनाच्या नोंदी मनुष्यबळ विभागाकडे जाणार नाहीत, असे धोरणातच लिहून ठेवणे म्हणूनच सभ्यतेचे तर आहेच, फायद्याचेही आहे. कॉन्फिगरेशन मॅनेजरने कर्मचाऱ्याला आपले यंत्र या नियमांतून वगळण्याची मुभा देणारा पर्याय ठेवला, तो याच दृष्टीने शहाणपणाचा. सक्तीच्या नियमातून चोरवाटेने निसटणाऱ्यांची संख्या कधीच कळत नाही, उघडपणे वगळून घेणाऱ्यांची निदान यादी तरी राहते.

आता पैशांकडे वळता येईल. जागा असूनही रिकामा असलेला डेस्कटॉप ५० वॉट घेतो आणि निद्रेत २ वॉट घेतो असे मानू. वर्षाचे तास ८,७६०. २५० दिवस रोज नऊ तास काम म्हणजे २,२५० तास. उरलेले ६,५१० तास यंत्र झोपले तर सुमारे ३१२ युनिट वाचतात. हजार संगणकांचे ३ लाख १२ हजार युनिट, आणि युनिटला दहा रुपये धरले तर ३१ लाख रुपयांहून अधिक. साधने विकणाऱ्यांची सादरीकरणे साधारणपणे येथे थांबतात. परंतु या हिशेबात सर्व हजार संगणक आधी रात्रभर चालू होते असे गृहीत आहे. त्यांपैकी सहाशे लोक आधीपासूनच यंत्र बंद करून जात असतील तर बचत सव्वा लाख युनिट व साडेबारा लाख रुपयांवर येते, आणि एका युनिटमागे भारतीय ग्रिडवर सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ८७ टनांवर. ही बचतही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण आधी मोजमाप आणि मग नियम, हा क्रम पाळला नाही तर काय वाचले हे कोणालाच सांगता येत नाही. बिलाच्या रचनेचाही येथे संबंध येतो. मोठ्या ग्राहकाला वीज आकाराखेरीज मागणी आकार भरावा लागतो आणि तो सर्वाधिक भाराच्या क्षणावर ठरतो; रात्रीच्या झोपेने तो कमी होत नाही. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत दीर्घकाळ सवलत होती, म्हणजे रात्री वाचलेले युनिट तुलनेने स्वस्तातले असे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम बदलून सौर तासांत किमान वीस टक्के स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांत महाग दर ठेवण्याचे तत्त्व आणल्यापासून या गणिताचे आकडे पुन्हा मांडावे लागतात. सकाळी साडेआठला सर्व हजार यंत्रे एकदम उठवण्याचा उत्साहही आवरावा लागतो, कारण त्या मिनिटाला पत्ता मागणाऱ्या आणि लॉगिन करणाऱ्या यंत्रांची सर्व्हरपुढे झुंबड उडते. गटागटाने उठवणे बरे.

बचत होते तरी ती कोणाची, हा त्याहून नाजूक प्रश्न. वीजबिल प्रशासन विभाग भरतो, संगणक आयटी विभाग सांभाळतो, आणि भाड्याच्या इमारतीत तर बिल कित्येकदा क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटले जाते. आयटी विभागाने कष्ट घेऊन वाचवलेले पैसे त्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाहीत; झोपेमुळे आलेल्या तक्रारी मात्र त्याच्याच मदतकक्षात येतात. या विषयातील बहुतेक प्रकल्प सुरू होऊन वर्ष-दोन वर्षांत विरून का जातात, याचे उत्तर बायॉसपेक्षा या हिशेबवहीत लवकर सापडते.

गेल्या दशकात यंत्रेच बदलली आहेत. डेस्कटॉपची जागा लॅपटॉपने घेतली, रिकाम्या यंत्राचा वापर दहा वॉटच्याही खाली येऊ लागला, आणि अनेक नव्या लॅपटॉपांत एस-३ ही अवस्थाच उरली नाही; तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आला, ज्यात संगणक मोबाइलसारखा अर्धवट जागा राहून निरोप घेत असतो. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम निघणे आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळणे, या तक्रारी त्याच अर्धजागृतीच्या आहेत. आज्ञा देणारा सर्व्हरही कार्यालयाच्या तळमजल्यावरून क्लाउडमध्ये गेला आणि इंट्यूनसारख्या साधनांतून घरी बसलेल्याच्या यंत्रापर्यंत नियम पोहोचू लागला, जेथे विजेचे बिल संस्था भरतच नाही. दुसरीकडे २०२० च्या टाळेबंदीत लाखो कर्मचाऱ्यांनी घरून आपल्या कार्यालयातील डेस्कटॉपला जोडून काम केले, आणि तो झोपला तर उठवायला तेथे कोणीच नव्हते, त्यामुळे वर्षानुवर्षे पाळलेले निद्रेचे नियम अनेक ठिकाणी एका आठवड्यात गुंडाळले गेले. त्यांतील किती नंतर पुन्हा लावले गेले, हे प्रत्येक संस्थेने आपल्या नोंदी उघडून पाहण्यासारखे आहे. सर्व्हर आणि डेटा सेंटर यांचा विचार येथे मुद्दाम टाळला आहे. त्यांना झोप परवडत नाही आणि त्यांच्या वीजव्यवस्थापनाचे प्रश्न शीतकरणाच्या दिशेने जातात.

शेवटी परिभाषेविषयी. निद्रा आणि शीतनिद्रा हे शब्द चालून जावेत. अडचण बंद या शब्दाची आहे. मराठीत संगणक बंद आहे या एका वाक्यात तो झोपला आहे, शीतनिद्रेत आहे, नीट बंद केलेला आहे, भिंतीवरचे बटण खाली आहे किंवा तो बिघडून बंद पडला आहे, यांपैकी काहीही असू शकते, आणि मदतकक्षाला फोन करणारा माणूस या पाचही प्रसंगी हेच वाक्य उच्चारतो. म्हणून पुढील विवेचनात बंद हा शब्द केवळ एस-५ साठी राखला आहे, जी-३ साठी वीज तोडलेला असे म्हटले आहे, आणि मदतकक्षाच्या नोंदवहीत या पाच शक्यतांसाठी पाच वेगळे रकाने असावेत असे सुचवले आहे. कारण दिवा लागलेला आहे का, एवढा एकच प्रश्न फोनवर आधी विचारला तर पाचांपैकी दोन-तीन शक्यता तिथल्या तिथे गळून पडतात.